न हसण्याच्या कामातून बदली मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
मेंदूविकास व ताणतणाव संशोधन केंद्र

विषय : परीक्षकाच्या खुर्चीवरून समजावणी कक्षात बदली होणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज व त्यांवरील आपले मौन.

महोदय,

१. सविनय सादर करते की, वाढत्या वयातील ताणाचा मेंदूवर काय परिणाम होतो आणि पुढे मानसिक आजार कोणाला गाठतो, या आपल्या प्रयोगात मी परीक्षक आहे. आमच्यासमोर एकेक मूल उभे राहून भाषण करते, मग मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत जाते. आम्ही हसायचे नाही, मान डोलवायची नाही. चुकल्यास "पुन्हा पहिल्यापासून" एवढेच म्हणायचे. नंतर लाळ तपासून त्यांचा ताण मोजतात.

२. बदलीसाठी माझी मुलाखत झाली. "अर्जदाराच्या चेहऱ्यावर आपुलकी दिसत नाही," असा समितीने शेरा मारला. हा चेहरा संस्थेच्याच कामाने झाला आहे, असे मी समितीस सांगून पाहिले. तेही त्याच चेहऱ्याने. शिवाय माझ्यासमोर मुलांचा ताण सर्वांत चांगला चढतो, म्हणून प्रयोगप्रमुख मला सोडायला तयार नाहीत.

३. दिवसभर धरलेला चेहरा घरी गेल्यावर सुटत नाही. "काय गं, भाजी बिघडली का?" असे विचारणे सासूबाईंनी आता सोडून दिले आहे. त्या माझ्याकडे बघून थेट मीठ वाढतात. तेही मी चालवून घेतले. परंतु परवा माझी पहिलीतली मुलगी मला कविता म्हणून दाखवत होती. मी जीव लावून ऐकत होते. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, पुन्हा पहिल्यापासून म्हणू?" हे शब्द मी घरात कधीही उच्चारलेले नाहीत. आता ती कपाटाकडे तोंड करून कविता म्हणते. मला फार वाईट वाटते, आणि महोदय, मी थकले आहे.

४. बदली शक्यच नसेल तर निदान एवढे करावे. प्रयोगानंतर समजावणी कक्षात प्रत्येक मुलाला सांगतात, "त्या बाई तुझ्यावर रागावल्या नव्हत्या. चेहरा तसा ठेवणं हे त्यांचं काम आहे. तू छान केलंस." मग मुले हसतात, मला ते भिंतीपलीकडून ऐकू येते. हेच माझ्या मुलीला आपल्यापैकी कोणीतरी सांगावे. मी सांगून पाहिले. ती माझ्या तोंडाकडे बघते, आणि तिला पटत नाही.

तसदी देत आहे, याची जाणीव आहे. उत्तर आजच मिळाले तर बरे होईल.

आपली नम्र,
परीक्षक (डावीकडची खुर्ची)
दिनांक : आजच, दुपारच्या सत्रापूर्वी

सोबत : मुलगी. बाहेरच्या बाकावर बसली आहे. कविता तिला पूर्ण पाठ आहे.