लाल दोऱ्याचा केक

आई,

आज एकतीस डिसेंबर. दुपारचे चार वाजलेत. तू असतीस तर आत्तापर्यंत चटई अंथरून, करंज्यांचा डबा मांडीपाशी ओढून आम्हाला हाका मारायला सुरुवात केली असतीस. रात्री वर्षाच्या शेवटच्या उपासनेला जायच्या आधी घरातली धुणी घरातच धुवायची, हा तुझा नियम. देवापुढे उभं राहायचं तर आधी एकमेकांपुढे उभं राहा, असं तू म्हणायचीस. वर्षभरात ज्याच्याशी चुकीचं वागलो त्याच्याकडे बघून 'माझं चुकलं' असं सांगायचं. ऐकणाऱ्यानं फक्त 'बरं' म्हणायचं, वर एक शब्द नाही, आणि डब्यातली एक करंजी त्याच्या हातावर ठेवायची. बाबा दरवर्षी तेच सांगायचे, की तंबाखू सोडतो म्हणालो आणि सोडली नाही. तूही दरवर्षी तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं 'बरं' म्हणायचीस. आम्ही दोघं भावंडं खाली मान घालून हसू दाबायचो. ते तुला दिसायचं, पण त्या दिवशी तू रागवायची नाहीस.

आता बाबा नाहीत, तू जाऊन वीस वर्षं झाली, आणि धाकटा नागपूरला. मघाशी त्याचा फोन आला. "ताई, वर्षभर फोन करायचा आळस केला, चुकलं." मी 'बरं' म्हटलं आणि करंजी तुझी तूच खा म्हणून सांगितलं. पण माझी पाळी अजून राहिली आहे. जे मला सांगायचं आहे ते मी त्या चटईवर बसून इतकी वर्षं सांगितलं नाही. आई, समोरच्या अव्वांनी तुझा केक परत पाठवला नव्हता. तो त्यांच्या दारापर्यंत गेलाच नव्हता.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या नाताळात तू समोरच्या काकूंकडे केक दिलास, तेव्हा त्यांनी तुला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "बाई, वाईट वाटून घिऊ नका, पन अंडं आमच्यात चालत न्हाय." तुला वाईट वाटलं ते स्वतःचंच, की एवढं साधं आपल्याला सुचलं कसं नाही. कारण काकू म्हणजे तुझी गल्लीतली एकुलती एक मैत्रीण. शाळेतले शिवणाचे तास संपवून तू घरी आलीस, की त्या पायरीवर येऊन बसायच्या. तू त्यांना ब्लाऊजची कटिंग शिकवायचीस, त्या तुला शेंगाचटणी कशी कुटायची ते शिकवायच्या, आणि मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात पूजा करून आले की त्यांच्याकडून आपल्याला सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलाचा तांब्या यायचाच. त्यांच्या सासूबाईंना घरात कानडीत अव्वा म्हणत, म्हणून सगळी गल्लीच त्यांना अव्वा म्हणायची. अव्वा सोवळ्यातल्या, कडक. मी त्यांना जाम घाबरायचे.

पुढच्या नाताळात तू दही आणि सोडा घालून बिनअंड्याचा केक करायचं ठरवलंस. त्यासाठी बाजारातून नवं पातेलं आणलंस, नवा चमचा आणलास, आणि ते आमच्या हाताला लागू नये म्हणून शिवणयंत्राच्या मागे लपवून ठेवलंस. पेठेतल्या बेकरीत भट्टीवर भाजायला आपण दोन डबे घेऊन गेलो. बाकीच्यांच्या डब्यांना नावाच्या चिठ्ठ्या होत्या. तू लहान डब्याच्या गळ्याशी लाल दोरा गुंडाळलास आणि भट्टीवाल्याला तीनदा बजावलंस, की हा डबा दुसऱ्या कशाला लागू देऊ नका. तो वैतागून म्हणाला, "बाई, केक हाय की तान्हं बाळ?" केक निघाला तो खरंच देखणा होता. वर तू काजूंची चांदणी केली होतीस, पाच काजूंची. आपल्या मोठ्या केकवर एकही काजू नव्हता, आणि तो कापायला दुसऱ्या दिवसाची उपासना संपेपर्यंत थांबायचं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण तेव्हा मला ते फार लागलं होतं.

चोवीस तारखेला दुपारी तू ताटलीत केक ठेवलास, वर तुझा विणलेला रुमाल झाकलास आणि मला पाठवलंस. गल्ली ओलांडायची, एवढंच काम. मी पाण्याच्या टाकीमागे गेले ते फक्त रुमाल उचलून बघायला. एक काजू काढला. मग चांदणी वाकडी दिसायला लागली म्हणून समोरचा दुसरा काढला. तीन काजूंची चांदणी कुठे असते? म्हणून तेही खाल्ले. आता वर पाच खड्डे दिसत होते. ते सारखे करायला वरचा थर थोडा खरवडला, आणि मग असा खरवडलेला केक लोकांच्या घरी द्यायचा तरी कसा! थोड्या वेळानं ताटलीत फक्त चुरा होता. मी तोही पुसून घेतला आणि रुमालाची घडी घातली.

घरी येऊन मी तुला सांगितलं, की अव्वा म्हणाल्या आमच्यात तुमच्या घरचं चालत नाही, घेऊन जा. तू विचारलंस, मग केक कुठाय? मी म्हटलं, देवळाच्या फाटकापाशी बसते त्या म्हातारीला दिला. आई, तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "चांगलं केलंस," म्हणालीस. आणि नवं पातेलं शिवणयंत्रामागून काढून रोजच्या भांड्यांत ठेवलंस. तुझा तो पाठमोरा खांदा मला अजून दिसतो. नाताळच्या सकाळी तू नेहमीसारखी सगळ्यांना सलाम केलास, नवी साडी नेसलीस, पण गाताना तुझा आवाज लागत नव्हता.

आठवड्यानं चटईवर बसलो. आधी तूच बोललीस. "समोरच्या घराविषयी माझ्या मनात राग आहे, तो जात नाही. हे माझं चुकतंय." बाबांनी 'बरं' म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की तुझ्या कात्रीचं टोक मी मोडलं आणि नाव धाकट्याचं घेतलं. तू 'बरं' म्हणालीस आणि मला करंजी दिलीस. धाकट्यानं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस. त्या दिवसापासून मी एक युक्ती शिकले. मोठं लपवायचं असेल तर एखादं लहान शोधून ठेवायचं. मी दरवर्षी नोव्हेंबरपासूनच शोधायला लागायचे.

त्या वर्षी वेळ अमावस्या नाताळ उलटल्यावर आली. संध्याकाळी काकू भज्जीचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या, शेतातल्या मातीचे पाय तसेच. मी तुझ्या मागे, तुझा पदर धरून. तू पातेल्याला हात लावला नाहीस.

"राहू द्या. आमच्या घरचं तुमच्यात चालत नाही, तर तुमचं तरी आम्ही कशाला घ्यायचं?"

"कोन म्हनलं असं, बाई?"

"अव्वांनीच केक परत पाठवला की."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. मला वाटलं, आता संपलं. मग त्या पातेलं दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "व्हय? म्हातारीचं वय झालंय, बाई. मनावर घिऊ नका." आणि गेल्या. त्यांना कळलं होतं आणि त्या गप्प राहिल्या, हे मला दहाव्या वर्षीही समजलं. तुला समजलं नाही. त्यानंतर तुम्ही दोघी पंचवीस-सव्वीस वर्षं समोरासमोर राहिलात आणि 'काय, बरं आहे का?' याच्या पुढे गेला नाहीत. पायरीवर तू एकटीच लसूण सोलत बसायचीस. ते बघून माझा जीव तुटायचा, आणि तरी मी बोलले नाही.

तुझ्या शेवटच्या एकतीस डिसेंबरला चटई अंथरली नव्हती, तू खाटेवर होतीस. मी तेव्हा ठरवून आले होते, की आज सांगायचंच. पण तूच माझा हात धरलास. "समोरच्या काकूंशी मी फार ताठ वागले ग. एका केकवरून. मला आता उठवत नाही. तू जाऊन सांगशील का, की बाईंचं चुकलं म्हणून?" मी म्हटलं, सांगते. यावर मी माझं कसं सांगणार होते? निदान तेव्हा मला तसं वाटलं. आठवड्यानं तू गेलीस. आपल्या घरात चूल पेटली नव्हती, तर काकूंनी मोठी किटली भरून चहा आणला, सगळ्यांना कप दिले. मलाही दिला. मी तो प्यायले आणि तुझा निरोप दिला नाही. निरोप द्यायचा तर केकचं सांगावं लागलं असतं. एकदा माझ्या हातून केक पोचला नाही, एकदा निरोप.

या महिन्यात कळलं, की काकूंचं घर विकलं. मुलगा त्यांना संक्रांतीनंतर पुण्याला नेणार. मग मला धीर धरवेना. बेकरीची ती भट्टी आता नाही, माझ्याकडे विजेचा ओव्हन आहे. दही, सोडा, नवं पातेलं. वर पाच काजू. आणि डब्याला लाल दोरा, उगाचच. चोवीस तारखेला दुपारी मी गल्ली ओलांडली. टाकी पाडलीय, हे एक बरं झालं.

काकू ऐंशीच्या पुढे गेल्यात. गाठोड्यांच्या मधे खुर्चीत बसल्या होत्या. "ये की ग. लई दिसांनी. बस." सून चहा ओतायला लागली तर कानडीत पुरे म्हणत त्यांनी हात आडवा केला, "साकु, साकु, अर्धाच दे." मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "काकू, तुमचा केक मी खाल्ला होता. अव्वांचं मी खोटं सांगितलं."

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "अव्वा त्या दिशी अक्कलकोटला हुत्या, लेकीकडं. घरात न्हवत्याच त्या!"

आई, इतकी वर्षं मी अव्वांच्या तोंडी वाक्यं घालून बसले, आणि अव्वा गावातच नव्हत्या. मला हसू आलं आणि रडूही. मी विचारलं, मग तुम्ही आईला का सांगितलं नाही?

"तू पदरामागं कापत हुतीस. लेकरू खोटं बोललं, हे मी आईला सांगू? म्हनलं, पोर हाय, आज न्हाय उद्या सांगंल. तू सांगितलंच न्हाईस."

मग मी तुझा निरोप दिला. शब्द न शब्द, तू म्हणालीस तसा. काकूंचा हात कपावरच थांबला. "बाईंनी असं म्हनलं? कवा?" मी सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग माझ्याकडे बघितलं, अगदी त्या दिवशी दारात बघितलं होतं तसं. "केक खाल्ल्याचा राग न्हवता ग मला. पन वीस वरसं निरोप दाबून ठिवलास, ह्याचा येतोय. मी बाईंच्या दारात उभी ऱ्हायले हुते, चहा वाटत. मला तवा कळलं असतं, तर मी त्यांच्या पायाशी तरी नीट बसले असते."

मी खाली बसले, त्यांच्या खुर्चीपाशी, फरशीवर. 'बरं' ऐकायची सवय असलेली मी वाट बघत राहिले. पण आपला नियम त्यांना कुठे माहीत? त्यांनी लाल दोरा सोडला, बोटाला गुंडाळला, केकचा तुकडा तोडला आणि दात नाहीत म्हणून चहात बुडवून खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. एक काजू काढून माझ्या हातावर ठेवला. मग विचारलं, "तवाचा केक असाच हुता का ग? बाईंच्या हातचा. मी लई येळा मनात आनलं, कसा झाला असंल म्हून."

"असाच होता, काकू," मी म्हटलं. "याच्यापेक्षा चांगला."

त्यांनी मान हलवली. त्यांना फार बरं वाटलं, आणि म्हणून मला ते मागे घेता आलं नाही. पण आज चटई मी अंथरली आहे, डबा समोर आहे, आणि तुझ्यापुढे लहान चूक सांगून मोठी लपवायची सवय मोडायची आहे. आई, मी तो केक इतक्या भीतीनं, इतक्या घाईनं खाल्ला, की तो कसा लागत होता ते मला त्याच संध्याकाळी आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.