तळ्याचा नंबर

३ नोव्हेंबर, उरण
चिकटले एकदाची नोकरीला! लॅब कंटेनरच्या रांगांमागे आहे. फोन, इंटरनेट, टीव्ही सगळं एकाच तारेतून नेणारी यंत्रं इथे येतात. गिऱ्हाइकाने छळायच्या आधी ती आम्ही छळून बघायची. जोडीला मुरुडचा उझैर आहे, भला माणूस, पण चहा भयंकर करतो. आई तिकडे गावी, तळ्याला एकटी, तेवढीच रुखरुख. रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल केलंय. गुडघे धरलेत तरी माझा फोन वाजला की पळत येते वेडी.

५ नोव्हेंबर
आज आवाजाची चाचणी. खोलीला चहूबाजूंनी पत्रा, त्यामुळे आतला सिग्नल बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. यंत्राला माझा आवाज शिकवायला दुपारभर वाचत बसले. आता ते माझ्या आवाजात फोन लावणार आणि पलीकडे किती स्वच्छ पोचतो ते आम्ही मोजणार. खोटा नंबर टाकायचा असतो. मी आईचा टाकला. तोंडपाठ तोच आहे, आणि खोलीबाहेर जाणार थोडाच!

८ नोव्हेंबर
संध्याकाळी आईला फोन केला तर म्हणाली, दुपारी एवढं बोलून पोट भरलं नाही का गं? मी दुपारी फोन केलाच नव्हता. लहानपणी मी कशाला भ्यायचे, झोपताना काय मागायचे, सगळं म्हणे मी तिला विचारलं. आई इतकी खूश होती! म्हणाली, आता कुठे निवांत बोलायला लागलीस. ते मात्र जिव्हारी लागलं.

१० नोव्हेंबर
नंबर पुसला. उझैरने यंत्राचा प्लगच उपटला. तरी हेडफोनमध्ये माझा आवाज येतोय, तेच तेच घोकतोय. आई, मी तेजू. आई, मी तेजू. लॅबमध्ये मला सगळे तेजस्वी म्हणतात. तेजू फक्त आई म्हणते. उझैरने या अल्ला म्हणून हेडफोन भिरकावला आणि सरळ घरी निघून गेला.

११ नोव्हेंबर
आईला बजावलं, दुपारचा फोन उचलू नकोस, ती मी नाही. आई म्हणाली, माझ्या लेकीने सांगूनच ठेवलंय, एक बाई तिच्या आवाजात फोन करील, तिचं ऐकायचं न्हाय म्हणून. आणि फोन ठेवला.
माझा. माझा फोन ठेवला तिने.

१२ नोव्हेंबर, तळा
घराला कुलूप. शेजारच्या वेणूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, सकाळी तूच तर नेलंस गं आईला गाडीत घालून, मुरुडचा समुद्र दावायला. मग तू हितं कशी?
ओट्यावर बसलेय. आईच्या मोबाईलवर फोन लावतेच आहे—

उचलला! आई, मी तेजू, म्हटलं. तिने बाजूला कुणाला तरी विचारलं, हीच का गं ती बाई? आणि फोन तिकडे दिला.
माझाच आवाज. म्हणाला, आईचं मी बघते, तू नको आता.

फोन चालूच आहे. मी ओरडतेय, कुणी ऐकत नाही— आई हसतेय, किती दिवसांनी— लाटा, अगदी जवळ— आई म्हणतेय, अगं तेजू, इतक्या आत कशाला नेत—