व्याह्यांपासून लपवलेली शुगर

चोपडा, ४ फेब्रुवारी २०२५, सकाळ

चि. भूपेंद्रास रत्नाअक्काचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून. खरं तर तुझे कान उपटायचे आहेत. गळ्यातल्या नळीमुळे तुला फोनवर बोलता येत नाही आणि मला ओरडल्याशिवाय राहवत नाही, म्हणून शेजारच्या धनसिंगच्या हाती पत्र धुळ्याला धाडतेय.

दाढ ठणकली, हनुवटीखाली सूज आली. इथल्या दाताच्या डॉक्टरांनी शुगर आहे का विचारलं, तर रूपाचे होणारे सासरे शेजारी उभे म्हणून तू छातीठोक सांगितलंस, माले शुगर नही शे! खरं बोलला असतास तर त्यांनी तेव्हाच मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. पाहुणे घरात म्हणून गोळ्याही बंद, वर पंगतीत खापरावरचे पुरणाचे गोड मांडे! पू गळाभर पसरला, श्वास कोंडला, गळ्याला भोक पाडावं लागलं. आता पू छातीत उतरलाय, आजच ऑपरेशन करायचं म्हणतात, आणि तू सही करत नाहीस? अक्कल गहाण टाकलीस का?

रागावले तरी बहीणच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी अक्का

धुळे, दुपार

ती. अक्कास सा. न.

शिव्या पोचल्या. नर्सबाईंकडून कागद मागून लिहितोय. छाती उघडली की महिनाभर इथंच. बारा तारखेला रूपाची सुपारी फुटायची. बाप दिसला नाही की व्याही चौकशी करतील, शुगरचं कळेल, घराण्यातच दुखणं म्हणून सोयरीक मोडतील. डॉक्टरांना म्हणावं, औषधावर भागवा. तू कुणाकडे बोलू नकोस, एवढी माया कर.

तुझा भूपेंद्र

धुळे, संध्याकाळ

ती. पप्पांस सा. न. वि. वि.

रत्नाफुईला पोचवायला नर्सबाईंच्या हाती दिलेलं तुमचं पत्र मी उघडून वाचलं. आत सोडत नाहीत म्हणून बाहेरच्या बाकावरून लिहितेय.

तुमच्या शुगरचं मी प्रेमराजला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यानं घरी सांगितलं. त्या दिवशी डॉक्टरांसमोर त्याच्या वडिलांना सगळं ठाऊक होतं. व्याह्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, म्हणून ते गप्प राहिले! आज फोनवर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते रडले. राग त्यांच्यावर आहेच, तुमच्यावर जास्त आहे.

सुपारीची तारीख मीच रद्द केलीय. आता घरी पळायचं कारण उरलेलं नाही. डॉक्टर सहीचा कागद घेऊन पुन्हा आत जाताहेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतेय.

माझा लोभ हवा असेल तर सही करा.

तुमची रूपा