निहाणी जोतीवरचा डोरा

२ जून, बंडेर

नवी वही आणि नवी नोकरी. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन्ही एकदम मिळाल्या म्हणून आज मी सकाळपासून उगाचच खूश आहे. पालमपूरची शाळा मार्चमध्ये बंद झाली. तेव्हापासून मी एका खोलीत शिकवण्या घेत होतो. आता धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, केहरने, मला त्याच्या ट्रेकिंगच्या धंद्यात घेतलं आहे. चाळीस वर्षं बंद असलेली निहाणीची खिंड, इथल्या बोलीत जोत, त्याला उघडायची आहे. तो वाट शोधणार आणि मी लिहून ठेवणार: कुठून कुठे किती तास लागले, पाणी कुठे आहे, तंबू कुठे बसतील.

केहर गावभर सांगत सुटला आहे की मेव्हण्याला पोसणं माझ्या नशिबात होतंच, आता निदान त्याच्याकडून अक्षर तरी काढून घेईन. मला राग आला नाही. थोडा आला, पण लिहिण्याइतका नाही. (मग लिहिला का?)

बहिणीला, लाच्छोला, सातवा महिना आहे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर हे पहिलंच. वाटेसाठी तिने मक्याच्या रोट्या बांधल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, दादा, तू त्याच्या मागे चाल, त्याला नजरेसमोर ठेव. तू आहेस म्हणून सोडते आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

वाट माहीत असलेला एकच माणूस आता जिवंत आहे, सत्तरीचा नोखूचाचा. येणार नाही म्हणत होता. संध्याकाळी पोतं पाठीला बांधून दारात हजर. म्हणाला, तुम्ही जाणारच आहात, मग नंतर तुमची मढी आणायला चढण्यापेक्षा आत्ताच चढतो.

३ जून, रानाच्या वर

सात तास. पहिले तीन देवदारातून, मग बुरांस, मग उघडं गवत. पाणी दोन ठिकाणी, दोन्ही चांगली. इथे सहा तंबू बसतील.

चाचाने सकाळीच मला विचारलं की तुझा डोरा कुठे आहे. त्याच्या स्वतःच्या कमरेला डोरा, म्हणजे काळ्या लोकरीचा लांब दोर, वेढ्यावर वेढे घेऊन बसलेला आहे, मेंढपाळाला शोभेल असा. मी सांगितलं, बापाचा होता, तो घरी पेटीत आहे. चाचा थुंकला. केहर म्हणाला, चाचा, मास्टरजींच्या कमरेला डोरा बांधला तर आत माणूस आहे की खुंटी, ते कळायचं नाही.

चहा पिताना चाचाने निहाणीची गोष्ट सांगितली. जोतीवरून कळप न्यायचा तर दोन माणसं लागतात. एक पुढे, मूठभर मीठ दाखवत. एक मागे, काठी घेऊन. जिंदू एकटाच निघाला होता. ज्येष्ठात बर्फ पडला आणि मागे कोणी नव्हतं म्हणून कळप पांगला. कळप शोधता शोधता तो वरच बसला, तो उठलाच नाही. बायको नाही, मूल नाही, पाणी द्यायला कोणी नाही. असा मेलेला माणूस औतर होतो, वंशाविना भटकणारं भूत. भावांनी खिंडीत त्याचा दगड उभा केला आणि दर तीन वर्षांनी त्यावर नवा चोला, म्हणजे लोकरीचा अंगरखा, आणि नवा डोरा घालत राहिले. मग भाऊही गेले. पुढे कळपच त्या वाटेला जाईनात. तिथे पोचलं की तोंड फिरवून एक दगड ठेवायचा, वर बघायचं नाही आणि तिथलं काही उचलायचं नाही.

मग चाचा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, मास्टर, तूही जपून. तुझ्यामागे तरी कोण आहे? केहर पोट धरून हसला. मीही हसलो. का हसलो, याचा विचार करतो आहे. बहुधा वेगळं काही सुचलं नाही म्हणून.

४ जून, जोतीच्या पायथ्याशी

नऊ तास. शेवटचे चार नुसत्या दगडांतून. एकही दगड पायाखाली स्थिर नाही. दुपारी वरून एक धोंडा आला आणि आमच्या पातेल्याचा चेंदा करून गेला. मी पातेल्यापासून दोन हातांवर बसलो होतो. पाण्याला लोखंडाची चव आहे. तंबू उभा करताना वाऱ्याने दोनदा उपटला. पक्षी नाही, किडा नाही.

‘डोंगर वैरी आहे’ असं एखाद्या मुलाने निबंधात लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती. आज मीच लिहितो आहे.

तंबूंसाठी जागा: नाही. केहर म्हणतो, दिल्लीवाल्यांना असलंच आवडतं, लिहा ‘रोमांचक’. मी लिहिलं नाही.

५ जून, जोतीपलीकडे, पहिला मुक्काम

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो आणि साडेनऊला खिंडीत पोचलो. दाट धुकं होतं. चाचाने तोंड फिरवून आपला दगड ठेवला आणि पलीकडच्या बर्फावर पायऱ्या पाडत उतरू लागला. तो बराच खाली गेल्यावर केहर निघाला, मी अजून वरच होतो. केहर पंचवीस पावलंही उतरला नसेल, तोच त्याचा पाय गेला. पाठीवरची पिशवी निसटून खाली धुक्यात गेली, आणि आमचा दोर त्याच पिशवीत होता. केहर एका बर्फाच्या काठावर अडकला. खाली काहीच दिसत नव्हतं. चाचाला चढून यायला पाऊण तास तरी लागला असता. केहरच्या बोटांना तितका दम नव्हता.

मी वळलो आणि दगडाकडे पाहिलं. चोला फाटून चिंध्या झाला होता. डोरा मात्र तसाच होता, काळा, जाड, दगडाच्या कमरेला नीट वेढलेला. मी तो सोडवला. चाळीस वर्षं उन्हाबर्फात पडलेली लोकर हातात मऊ लागली. कोमटही लागली, पण तेव्हा माझे हात बधिर झाले होते, त्यामुळे ते मी खरं धरत नाही.

मी त्याचं टोक खाली सोडलं, केहरने ते कमरेला बांधलं आणि मी त्याला वर ओढलं. त्यात मला चूक दिसत नाही. पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन.

चूक त्यानंतरची. चाचा धापा टाकत वर आला, केहरच्या कमरेकडे बघितलं आणि विचारलं, हा डोरा कोणाचा? मी त्या दगडाला टेकून उभा होतो. चाचा शिव्या घालील, परत फिरायला लावील असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं: माझ्या बापाचा आहे. चाचा म्हणाला, परवा तर पेटीत होता. मी म्हटलं, चेष्टेला कंटाळून तसं म्हणालो, पिशवीत होता. दगडाकडे वळून बघायचं नसतं, म्हणून त्याने बघितलं नाही.

वीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. संध्याकाळी सांगीन असं ठरवलं होतं. केहर गाढ झोपला, चाचा थकला होता. उद्या सांगेन.

६ जून, दुसरा मुक्काम

सांगितलं नाही.

केहर आमच्याआधी उठून बसला होता. डोरा त्याने कमरेला व्यवस्थित वेढला होता, एकावर एक, एकही पीळ नाही. केहरचं लहानपण बाजारात बापाच्या कापडाच्या दुकानामागे गेलं. लग्नात त्याला डोरा बांधायला आम्ही तिघं लागलो होतो.

मला म्हणाला, ऊठ पुत्तर, ऊन चढलं.

मला वाटलं चेष्टा करतो आहे. दिवसभर तेच चाललं. पुत्तर, हळू. पुत्तर, पाणी पी. मायेने म्हणतो, हे जास्त वाईट. चार वेळा त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली, कळपाला घालतात तशी. चाचा जागीच थबकला. मग पुढे चालू लागला.

दुपारी शिधा काढला तर मिठाची पुडी रिकामी होती. केहरची मूठ मिटलेली. उघडत नाही.

धुकं उठत नाही. किती तास चाललो, ते लिहायचं राहिलं.

७ जून

केहर परत वर चालू लागतो. आज तीनदा. तिसऱ्यांदा आम्ही दोघांनी धरून आणला. सकाळी सोडलेला ओढा संध्याकाळी पुन्हा समोर आला.

लाच्छोचं नाव घेतलं. विचारतो, ती कोण?

डोरा आवळत चालला आहे. सदरा वर करून पाहिलं तर कातडी काळीनिळी. गाठ सापडत नाही. टोकही नाही. चाकू लावला, पातं वळलं आणि माझंच बोट कापलं. केहर हसून म्हणाला, बापाच्या अंगावर चाकू, पुत्तर?

मग चाचाला सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, नेमके शब्द काय होते? मी सांगितले. कुठे उभा होतास? दगडाला टेकून. चाचा माझ्यासमोर खाली बसला. म्हणाला, चाळीस वर्षं जिंदू कोणीतरी आपल्याला बाप म्हणावं म्हणून वाट बघत बसला होता, आणि म्हणालास तू. चार बुकं शिकलेला गाढव. मागून घेतला असतास, ‘उसना देतोस का’ असं म्हणून, तर त्याने दिला असता. मागून घेणाऱ्याला तो देतो, न विचारता उचलायचं नसतं. तू त्याला पोरगा दिलास.

आता काय, ते विचारलं. म्हणाला, बापाच्या अंगावरचा डोरा मुलानेच उतरवायचा. त्यानेच वर न्यायचा आणि तिथेच उभं राहून म्हणायचं, मी खोटं बोललो. एकट्याने. नाहीतर उद्या-परवा केहर वर जाऊन बसेल आणि उठणार नाही.

नक्की का, असं विचारलं. म्हणाला, मला काय माहीत? इतका मूर्ख याआधी कोणी आला नव्हता.

८ जून

केहरसमोर बसलो. म्हटलं, बापू, दे.

एका शब्दात दिला. वेढे आपोआप सुटत गेले. केहर आडवा झाला, मग पाणी मागितलं, मग विचारलं की माझी पिशवी कुठे आहे, मास्टरजी, आणि तुमचं तोंड असं का झालंय? मास्टरजी म्हणाला. मला रडू आलं.

चाचा त्याला खाली नेतो आहे. मी मागे राहून वाटेची नोंद पुरी करतो, असं केहरला सांगितलं. पुन्हा खोटं. पण याचा जाब मी देईन. चाचाकडून शपथ घेतली की काही झालं तरी त्याला वर येऊ देणार नाही. लाच्छोला सांगा—

नाही. मीच येऊन सांगेन.

डोरा पिशवीत ठेवून तोंड बांधलं. बर्फाशी पोचलो तेव्हा तो माझ्या कमरेला होता.

मी वेढलेला नाही.

९ जून, जोत

पोचलो. दगडाला टेकून म्हणालो. मी खोटं बोललो. तू माझा बाप नाहीस. तीनदा म्हणालो, मोठ्याने.

वारा थांबला. एवढंच.

डोरा उकलतो आहे. वीस वेढे. चाळीस. समोरचा ढीग गुडघ्यापर्यंत आला आहे. कमरेवर आहेत तितकेच आहेत—

थंडी वाजत नाही. बोट दुखत नाही. हे बरं लक्षण नाही, एवढं अजून कळतं.

दगडावरचा चोला आता फाटलेला नाही. मला बरोबर बसतो. मी तो कधी घातला?

नंतर

घंटा. धुक्यात घंटा. ओल्या लोकरीचा वास. पुष्कळ आहेत, पायांना घासून जातात, दिसत नाहीत.

बापू पुढे आहे. मीठ त्याच्याकडे. मी मधे. मधे माणूस कशाला असतो— दोन लागतात, असं चाचा म्हणाला होता. बापू म्हणतो कळप आता मोठा आहे. मागेही एक हवा.

मी नाही म्हणालो. म्हणालो मी आहे तेवढा पुरे. शब्द दिलाय म्हणालो.

बापू खाली बघतो.

धुकं फाटलं

बर्फावर लाल ठिपका. लाल जॅकेट. केहर.

चाचा कुठे— एकटाच आहे. मला शोधत आलाय. हाका मारतोय, मास्टरजी, मास्टरजी, चाचाला हुलकावणी दिली, तुम्हाला सोडून गेलो तर लाच्छो घरात घेईल का? हसतोय. वेडा. परत जा.

परत जा म्हणून ओरडतो आहे, तोंडातून शीळ निघते. पुन्हा. पुन्हा शीळच. त्याला वाटतं मी बोलावतोय. हात हलवतोय.

लिहून फेकतो. हे पान फाडून— केहर, वर येऊ नको. मी नाही हा. घरी जा. तिला सातवा—

पान फाटत नाही.

त्याच काठापर्यंत आला. पाय ठरत नाही त्याचा. वर बघून म्हणतो, मास्टरजी, काही टाका ना धरायला.

नाही टाकणार. हात मागे बांधून घेतो. आधी लिहिणं थांबवतो आणि दोन्ही हात—

ढीग कमी होतोय. डोरा खाली चाललाय. मी नाही सोड