तळ्याकाठची शेवटची बाई

वेस्ट हॅरो, मॅसॅच्युसेट्स
मे १८४६

प्रिय मर्सी,

तिकडे न्यू बेडफर्डला तुम्ही सगळे खुशाल ना? तुझा नवरा जहाजावरून परतला का? तुझी आई, अख्ख्या गावाची डोर्कस मावशी, ठणठणीत आहे. हे आधीच सांगते, नाहीतर माझं अक्षर पाहून तू घाबरायचीस. काल ती दारात बसून टोपली विणत होती आणि माझ्या नव्या टोपीला नावं ठेवत होती. अडचण आहे ती माझीच. डोक्याचा पार भुगा झालाय गं, आणि इथे कुणापाशी बोलायची सोय नाही.

शाळा सांभाळून मी कादंबरी लिहितेय, हे तुला ठाऊकच आहे. हिवाळ्यात पहिला खर्डा बॉस्टनला मिस्टर लोरिंग नावाच्या प्रकाशकांकडे पाठवला. त्यांनी बोलावून घेतलं आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "मिस ल्युडलो, हा नाइटिंगेल तुम्ही कुठे ऐकलात?" कुठे ऐकणार, कपाळ! तो पक्षी इंग्लंडातला, आपल्या रानात नाहीच. वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत गातो, म्हणून माझ्याही पानावर येऊन गायला लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ते म्हणाले, "इंग्रज हसतात आपल्याला. देश वेगळा झाला, पण गोष्टी अजून त्यांच्याच उष्ट्या. इथल्या मातीतलं काहीतरी लिहा." मला ते मनापासून पटलं. अजूनही पटतं, घोळ तिथेच आहे.

कारण इथल्या मातीतलं म्हणजे काय? माझे आजोबा इंग्लंडातल्या डेव्हनहून आले, आमची चहाची किटलीसुद्धा तिकडची. शोधता शोधता मला तुझी आई दिसली, या भूमीवरच्या मूळच्या इंडियन लोकांतली. तिला विचारून, तिच्या चुलीपाशी बसून मी लिहिलं. तळं, टोपल्या, मक्याची भाकरी, तिची ती तिखट जीभ, सगळं आणलं. मिस्टर लोरिंग खूष झाले. फक्त शेवट बदला म्हणाले. "म्हातारी शेवटी मेली पाहिजे. तिच्या लोकांतली शेवटची. वाचक रडतील, ती तिची भूमी आपल्या हाती सोपवून जाईल, आणि राष्ट्राची गोष्ट पुरी होईल." मी म्हटलं, "अहो, तिला मुलगी आहे, तीन नातवंडं आहेत!" तर म्हणतात कसे, "असतील की. कादंबरीत कशाला हवीत?"

हे मी घरी बहिणीला सांगितलं, म्हणजे गावभर झालं. चर्चचे कारभारी डीकन हॅस्किल तर नाचायचेच बाकी होते. तुमच्या लोकांपैकी कुणी इथलं म्हणून आहे तोवर तळ्याकाठचं कुरण तुमचं, असा जुना करार आहे ना? गावच्या पंचांना तिथे गिरणी हवीय. त्यांनी दगड कोरायला टाकलाय, 'येथे डोर्कस राहिली, आपल्या लोकांतली शेवटची' असा. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, भाषणं ठोकून तो बसवणार, आणि मी माझं शेवटचं प्रकरण वाचायचं. बाई चालतीबोलती आहे, आणि हे तिचा दगड बसवायला निघालेत! मी तुझं नाव काढलं, तर डीकन म्हणाले, "ती गेली गाव सोडून. नवरा काळा खलाशी. तिची पोरं त्यांच्यात कशी धरायची?" अगं, इंग्रज आजोबांची नात मी अस्सल इथली, आणि तुझी पोरं कुणीच नाहीत? हे कोडं काही केल्या मला उलगडत नाही. दगड बसला की कुरण जाईल आणि मावशी बेघर होईल, एवढं मात्र कळतं.

पण मला ते पुस्तक हवंय, मर्सी. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? एकदा नाही म्हटलं, तर पुन्हा कोण विचारणार आहे खेड्यातल्या मास्तरणीला? सकाळी वाटतं, गोष्टच तर आहे, गोष्टीत मरून कुणी मरतं का? संध्याकाळी मावशीच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला की माझीच मला शरम वाटते. मिस्टर लोरिंग उत्तराची वाट पाहताहेत आणि मी नुसती टाक चावतेय.

शेवटी काल तिलाच विचारलं. ती खो खो हसली. "मार गं मला खुशाल! पुस्तकात मेले तरी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात टोपल्या विकायला येणारच आहे मी. पण 'शेवटची' लिहिण्याआधी माझ्या पोरीला विचार." ते विचारायला हे पत्र. तुझ्या आईला शेवटची म्हणू का, मर्सी? उत्तर लिहून पाठवू नकोस, तुझ्या-माझ्या कागदाला इथे कोण भीक घालतंय? चार जुलैला तिन्ही पोरांना घेऊन ये. पहिल्या बाकावर बस, आणि थोरलीला सगळ्यांसमोर आजीला हाक मारू दे, चांगली खणखणीत. मग तो दगड बसवायची कुणाची छाती होणार नाही. माझ्याच्याने ते प्रकरण वाचून दाखवलं जाणार नाही, आणि मिस्टर लोरिंग दुसरी लेखिका शोधतील. तू आलीस तर माझं पुस्तक बुडेल. तरी ये.

तुझीच, पुरती गोंधळलेली,
टॅबिथा