शेवटचा थर

अप्पा,

हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, हे तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. समुद्र एकेकाळी बराच खाली होता. आज बुडालेल्या गुहा तेव्हा कोरड्या होत्या आणि त्यांच्या छतातून पाणी ठिबकून दगडाचे सुळके वाढत होते. समुद्र चढला, गुहा बुडाली, की वाढ थांबली. म्हणून सुळक्याच्या सगळ्यात बाहेरच्या थराचं वय काढलं, की पाणी तिथं कधी पोचलं ते कळतं. येवढ्यासाठी इतकी वर्सं शिकलीस व्हय, असं तुम्ही म्हणाला असता.

बी.एस्सी.च्या सुट्टीत चिटगुप्प्याजवळच्या जुन्या विहिरीत मी तुमच्यासोबत उतरले होते. आतलं ढासळलेलं बांधकाम नव्यानं बसवायचं होतं. शेवाळ, भुसभुशीत पापुद्रा खरडून पक्का दगड लागला, की मगच सिमेंट लावायचं, हे तुम्ही बजावलं होतं. मी कंटाळून वरवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मी बसवलेला दगड सुटला आणि तुमच्या खांद्यावर आला. हे कुणी केलं, म्हणून मालक वरून ओरडायला लागला. तुम्ही खांदा धरून म्हणालात, "माझंच काम हाय ते, मालक." मग हळूच मला, "कामून खरडली न्हाईस गं?" तो हात पुन्हा कधी पुरता वर गेला नाही. तेव्हापासून मी काहीही खरडते ते पक्कं लागेपर्यंत.

यंदा पाणबुड्यांनी एका गुहेतून सुळक्याचा एकच तुकडा आणला. त्यावर शिंपल्यांचं कवच होतं. मी ते बारीक ड्रिलनं काढलं, टणक दगड लागेपर्यंत काढलं. वय अपेक्षेपेक्षा फार जुनं निघालं. प्रयोगशाळेतले माझे सर खूश, लेख तयार. परवा खरडण्याआधीचा फोटो मोठा करून बघते, तर शिंपल्यांखाली केसाएवढा पिवळसर थर. शेवटचा थर तोच. मऊ होता, म्हणून मी तो घाण समजून उडवला होता. गप्प बसले तर कुणाला कळणार नव्हतं. सांगितलं तर तीन वर्षांचं काम पाण्यात आणि नोकरीचाही भरवसा नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला तुमचा रागच आला.

सकाळी जाऊन सांगितलं. सरांनी फोटो आणखी मोठा करून बघितला. मग थंडपणे विचारलं, इतकं खोल गेलीसच कशाला? मी म्हणाले, "वडील विहिरी बांधायचे, सर. त्यांनीच असं शिकवलं." सरांचा आवाज एकदम निवळला. लेख थांबवला, नोकरी राहिली. जाताना ते म्हणाले, जाऊ दे, अडाणी माणूस, त्यांना काय कळणार.

मी होकारार्थी मान हलवली, अप्पा.