पांढरी पाचमध्ये गाणारा मिक्सर

३ ऑगस्ट, शनिवार
ठरलं. मिक्सिंग कन्सोल घरीच बनवायचा. ॲनालॉग. आठ चॅनल. बाजारात मिळतात त्यांतून आवाज प्लास्टिकसारखा येतो. कादंबरीचा आवाज मी प्लास्टिकमधून जाऊ देणार नाही.
कादंबरी समोरच्या टॉवरमध्ये राहते. गाते. पुण्याच्या एका गुरुकुलाला पंचवीस तारखेपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचंय. मी म्हणालो, टेन्शनच घेऊ नकोस, माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे माझी खोली. गाद्या भिंतीला उभ्या केल्या की झालं. निवड झाली तर तिथेच राहून शिकायचं वगैरे ती सांगत होती. तो भाग नीट ऐकला नाही. आवाज कमीजास्त करणारे फेडर किती लांब घ्यावेत याचा विचार चालू होता.
रेकॉर्डिंग संपलं की मनातलं सांगून टाकायचं. हेही ठरलं.

६ ऑगस्ट
लाजपत राय मार्केटमधून इलेक्ट्रॉनिक्सचं सामान आणलं. मेट्रोच्या गेटवर गार्डने पिशवी उघडून विचारलं, ये क्या है भाई. म्हणालो, साउंड है. तो म्हणाला, आवाज़ तो आ नहीं रही. वाद घातला. दोन मेट्रो गेल्या.
हेरंब शाळेपासूनचा मित्र. बापाची ऑल्टो फिरवतो, बाकी गुण नाही. विचारत होता, यार, गाणारी एक, चॅनल आठ कशाला? त्याला काय कळणार. एक गळा, एक तबला, एक पेटी, एक तंबोरा. उरलेले चार भविष्यासाठी. कोणाच्या, ते त्याला सांगितलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार
पुढचं पॅनल तयार! काळं, वर पांढरी अक्षरं. पहिल्या चॅनलवर कादंबरीचं नाव. आत सर्किट अजून नाही, पण डिझाइन बाहेरून आत जावं असं माझं मत. बाबा म्हणाले, वा, झाकण झालं, डबा कधी? जेवलोच नाही. मग आईने थालीपीठ खोलीत आणून ठेवलं. ते खाल्लं, पण रागातच.

१५ ऑगस्ट
सुट्टी असून सोल्डरिंग. बोट भाजलं. झेंडावंदनानंतर कादंबरीने खालून अंगठा दाखवला. अंगठ्याचे बरेच अर्थ होतात.

१८ ऑगस्ट, रविवार
चालू झाला. धूर नाही! मागे फक्त बारीक हूंऽऽ असा आवाज आहे. ॲनालॉगची ऊब म्हणतात ती हीच.

१९ ऑगस्ट
ऊब नाही. विजेची गुणगुण आहे. ट्रान्सफॉर्मर लांब ठेवला, वायरी बदलल्या. शेवटी भिंतीतला सॉकेट उघडला. तिसरं भोक आहे, मागे अर्थिंगची तारच नाही! बिल्डरने भोक शोभेला ठेवलंय. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन टेबल आपटलं. म्हणतात, सब फ्लैट में ऐसा ही है, आज तक किसी ने शिकायत नहीं की.
बाबांनी अगदी शांतपणे विचारलं, अर्थिंग इंजिनिअरिंगच्या कुठल्या वर्षाला असतं रे? थर्ड इयरला. मी सेकंडला सोडलं. हा निव्वळ योगायोग.

२१ ऑगस्ट
कादंबरी आली. हेडफोन लावले. सा लावला, थांबली. परत लावला, परत थांबली. म्हणाली, अरे, तुझं यंत्र पेटीच्या पांढरी पाचमध्ये गातंय. माझी पट्टी काळी चार. हे सारखं मला अर्धा सूर खाली ओढतंय.
मला तिथल्या तिथे सुचलं. म्हणालो, मग तूच अर्धा सूर खाली ये ना. दोघांचं जुळेल, तंबोराही नको.
तिने हेडफोन काढले. म्हणाली, श्रीरंग, गाणारीने मशीनची पट्टी धरायची? माझं डोकं फिरलं. ओरडलो, आठ चॅनल कोणासाठी बनवले मग? ती म्हणाली, मी एकच गळा घेऊन आले होते रे. आणि गेली.
रागाने पॅनलवरचं नाव खरवडायला घेतलं. पहिलं अक्षर गेलं तेवढ्यात वाईट वाटलं. आता तिथे दंबरी आहे.

२३ ऑगस्ट
माघार नाही. बॅटरीवर चालवायचा. भिंतीतली वीजच नाही तर गुणगुण कुठून? जीनियस!
संध्याकाळी: बॅटऱ्या उलट्या लागल्या. सगळे आयसी गेले. गुणगुण मात्र पूर्ण बंद.
तिला मेसेज केला, दोन दिवस दे. उत्तर आलं, अरे, परवा शेवटची तारीख आहे.

२५ ऑगस्ट, रविवार
नवे आयसी आणायला गेलो. मार्केट रविवारी बंद असतं, हे तिथे पोचल्यावर कळलं.
परतलो तर रेकॉर्डिंग झालेलं. हेरंबच्या ऑल्टोत, बेसमेंट पार्किंगमध्ये, काचा बंद, एसी बंद, फोन डॅशबोर्डवर. हेरंबला विचारलं, तू आत काय करत होतास? म्हणाला, तंबोऱ्याचं ॲप धरून बसलो होतो यार, घामाने अंघोळ झाली, पण हललो नाही. मित्र म्हणे.
मनातलं सांगायचं राहिलं. पण अट माझ्या कन्सोलवर रेकॉर्डिंग संपण्याची होती. म्हणजे वेळ अजून आलेलीच नाही.

८ सप्टेंबर
निवड झाली. पेढे घेऊन आली. शुक्रवारी जातेय, तीन वर्षांसाठी. म्हणे आधीच सांगितलं होतं.
तिने क्लिप माझ्या फोनवर पाठवली आणि ऐकवली. मी प्रामाणिक मत दिलं. मागे पार्किंगचा पंखा ऐकू येतो, फोनचा माइक वरचे सूर खातो. ती म्हणाली, अच्छा. आणि गाणं? मी म्हणालो, गाणं ठीकच. तिने विचारलं, बंदिश कुठली होती? आठवेना. हसली. चिडली असती तर भांडता आलं असतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
निजामुद्दीन स्टेशनला सोडायला निघालो होतो. ऑल्टोत तिचे आईबाबा, ती, तंबोरा, आणि चालवायला हेरंब. जागा उरली नाही. गेटवरून हात केला.
घरी येऊन क्लिप लावली. पंखा शोधत होतो. सापडेना. परत लावली. मग परत.
दारात बाबा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. या वेळी टोमणा नाही. संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, काय गाते रे ही पोरगी! तुला माहीत होतं?
म्हणालो, हो, म्हणजे काय.